वासाचा रकाना

सोमवार, ३ मार्च. सकाळी १०.०५

घरात शांतता. कामाला उत्तम.

आमची ही शुक्रवारी लेकीकडे गेली. लेकीने नवीन घर घेतलंय, पडदे लावायचेत. आठ दिवसांचं काम. मीच म्हटलं, आठ कशाला, चांगले पंधरा दिवस राहा. नवऱ्याने मन मोठं ठेवावं.

आजपासून संकल्प. घरातल्या सहाही स्कॉचची शास्त्रोक्त तुलना करून रजिस्टर पूर्ण करायचं. गेली पाच वर्षं हे तुकड्या-तुकड्यांत चाललंय. आज ही बाटली, सहा महिन्यांनी ती. अशाने कारखाना चालला असता का? चौतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात शेड जुळवल्या. दोन पांढऱ्यांतला फरक लांबून सांगायचो. व्हिस्की म्हणजे शेवटी एक पातळ बॅचच.

वेळ ठरवली सकाळी दहा ते अकरा. शेड बघायला उत्तरेच्या खिडकीतला सकाळचाच उजेड लागतो, आणि जीभही तेव्हा ताजी असते. माप प्रत्येकी पंधरा मिली. रजिस्टरचे रकाने नेहमीचेच: रंग, वास, चव, शेवट (गिळल्यावर मागे राहतं ते), दहापैकी गुण. आतापर्यंत मी सांगायचो आणि ही लिहायची, कारण तिचं अक्षर चांगलं. आता दोन्ही मीच. त्यात काय मोठंसं.

३० तारखेला कमिटी येणार. कमिटी म्हणजे लॅबमधले माझे तीन जुने सहकारी: वार्निश, प्रायमर, आणि प्रायमर जे बोलतो तेच थोड्या वेळाने बोलणारा सेकंड कोट. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडेच बसतात. मागच्या बैठकीत मी जाहीर करून टाकलंय की पुढच्या वेळी न बघता सहापैकी सहा ओळखून दाखवीन. सत्तावीस दिवस आहेत. भरपूर झाले.

मंगळवार, ४ मार्च. १०.१०

बाटली नंबर एक. जावयाने विमानतळावरून आणलेली, बारा वर्षं मुरलेली.

रंग: अकरा ओळी लिहिल्या. वाळक्या गवताकडून मधाकडे निघालेला, पण मधाच्या जरा अलीकडेच थांबलेला, वगैरे. फार समाधान वाटलं.

वास: बराच वेळ हुंगलं. 'अपेक्षेप्रमाणे' असं लिहिलं.

चव: गरम. शेवट: तोही गरम. गुण सात.

थोडी सर्दी असावी. नाक वाहत नाही, पण सर्दीचे प्रकार असतात.

बुधवार, ५ मार्च

बाटली नंबर दोन. रिटायर झालो तेव्हा ऑफिसने दिलेली. रंग: नऊ ओळी. वास: 'व्हिस्कीचा.' चव: गरम.

ग्लासमध्ये दोष आहे. साध्या पाण्याच्या ग्लासातून वास पळून जातो, असं वाचलंय. ट्युलिपसारखे, तोंडाशी निमुळते ग्लास मागवले. हत्यार बरोबर नसेल तर कारागिराला दोष देऊ नये.

गुरुवार, ६ मार्च. दुपार

हिचा फोन. गॅस बंद केला का, बघितलं का, हात लावून बघितलं का. रोज हेच तीन प्रश्न, गेली कित्येक वर्षं. घरी असतानाही विचारते. स्वभाव.

मी सांगितलं, रजिस्टरचं काम जोरात आहे. ती म्हणाली, बरं. मग मी म्हणालो, इकडे सगळं व्यवस्थित आहे. त्यावरही बरं म्हणाली. कधी येतेस हे विचारलं नाही. विचारलं की माणसाला दबाव वाटतो. रविवारी येईलच.

शनिवार, ८ मार्च. १०.२५

नवे ग्लास आले. कुरियरवाला दारात उभा होता आणि माझ्या हातात नंबर तीन, शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली. सही करताना तो एक पाऊल मागे सरकला. माझ्या हातातला ग्लास आणि कानामागची पेन्सिल बघून दबकला असणार. गंभीर काम चाललेलं लोकांना कळतं.

नंबर तीन. रंग: तेरा ओळी, विक्रम. वास: 'नव्या ग्लासची सवय व्हायची आहे.'

रविवार, ९ मार्च

आली नाही. पडदे लावायला वेळ लागतो. तीनच खिडक्या आहेत म्हणे, पण खिडक्यांवरही अवलंबून असतं.

दुपारी जेवायला उकडलेली अंडी आणि टोस्ट. टेबलावर समोर कुणी नसलं की माणूस भराभर जेवतो, हे लक्षात आलं. वेळ वाचतो.

वार्निशचा फोन आला होता. वहिनी रागावल्या तर नाहीत ना, असं विचारत होता. कशाला रागावेल? मागच्या बैठकीतली एक किरकोळ गोष्ट तो धरून बसलाय. मी ग्लास नाकाशी धरून विचार करत होतो. वार्निशने विचारलं, कसला वास येतोय? मी विचारच करत होतो. तेवढ्यात ही मध्येच म्हणाली, ओल्या पाटीचा, शाळेतल्या. मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं, तू फक्त लिही. सगळे हसले. तीही हसली. मग तिने पेनाला टोपण लावलं आणि स्वयंपाकघरात गेली, बैठक संपेपर्यंत बाहेर आली नाही. काम असणार.

पाच दिवसांनी पडद्यांचं निघालं. या दोन्हींचा काही संबंध नाही.

मंगळवार, ११ मार्च. १०.५०

आजचा दिवस सोन्याचा. नंबर चार, बेटावरची, धुरकट म्हणून नावाजलेली. हिचा धूर खरोखर डोळ्यांत जातो. पहिल्यांदाच डोळे चुरचुरले. वास या रकान्यात न अडखळता लिहिलं: 'धूर, दमदार, खोली भरून टाकणारा.' गुण नऊ.

११.२०

वरच्या मजल्यावरच्या टायपिस्ट बाई दार वाजवत आल्या. चाळीस वर्षं टायपिंग करून रिटायर झालेल्या, एकट्याच राहतात. त्यांनी न विचारता थेट स्वयंपाकघर गाठलं आणि गॅस बंद केला. दुधाचं पातेलं कोळशासारखं झालं होतं. वास जिन्यात तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला, तुम्हाला शेजारच्या खोलीत कसा आला नाही, असं म्हणाल्या.

मी समजावून सांगितलं की बेटावरच्या स्कॉचला असाच वास असतो, त्यामुळे कुणाचाही गोंधळ होईल. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ग्लासकडे, मग घड्याळाकडे.

नंबर चारचे गुण बदलणार नाही. त्या दोन धुरांचा एकमेकांशी संबंध नाही.

गुरुवार, १३ मार्च

आता मुख्य अडचण. कुठल्या ग्लासात काय आहे हे माहीत असेल तर ती परीक्षा नव्हे, आणि एकट्या माणसाला स्वतःपासून लपवता येत नाही. आधी हे काम ही करायची. आत ओतायची, बाहेर आणून ठेवायची.

युक्ती केली. ग्लासांच्या बुडाला चिठ्ठ्या चिकटवल्या, सगळे ट्रेमध्ये ठेवले, डोळे मिटून ट्रे गरागरा फिरवला. नंबर सहा अजून सीलबंद, म्हणून रिकामा ठेवलेला ग्लास फुटला. उरलेले पाच डोळे उघडून बघितले आणि पाचही बरोबर ओळखले. पाचपैकी पाच! आनंद मावेना. चहा पिताना लक्षात आलं की ग्लास उचलायच्या आधीच ओळखले होते. रंगावरून. नंबर एक आणि नंबर पाच यांच्यातला फरक तर मला दारातून दिसतो.

तरी पाचपैकी पाच ते पाचपैकी पाचच. नाकानेही आतून मदत केली असेल.

शुक्रवार, १४ मार्च

रंग झाकला पाहिजे. माळ्यावर कारखान्याच्या काळ्या इनॅमलचा जुना डबा होता. उरलेले पाच आणि एक साधा, असे सहा ग्लास बाहेरून काळे केले, दोन हात दिले. काम देखणं झालंय. कडेला एकही ओघळ नाही.

वाळल्यावर स्वतःवरच चाचणी. पाचांतली दोन बरोबर आली, तीही अंदाजाने. इनॅमलचा वास सगळ्यावर चढतो. चढत असणार.

शनिवार, १५ मार्च. ११.४५

टायपिस्ट बाईंना ओतायची विनंती केली. आधी नको म्हणाल्या, मग म्हणाल्या खिडकी उघडी ठेवणार असाल तर येते, आणि विणकाम बरोबर आणते. त्यांना पद्धत समजावली. मी झोपायच्या खोलीत बसणार, त्या सहा बाटल्यांतून सहा काळ्या ग्लासांत ओतणार, कुठल्यात काय ते कागदावर लिहिणार. नंबर सहाचं सीलही फोडा म्हटलं. अठरा वर्षांची आहे. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला आम्ही दोघांनी उघडायची ठरवली होती. पण शास्त्रापुढे भावना आणायच्या नसतात.

परीक्षा अप्रतिम झाली. आज शब्द सुचत होते. मध्ये अडलो की रजिस्टरची मागची पानं चाळायचो, आणि तिथे माझेच जुने शेरे तयार होते. पहिल्या ग्लासला 'भिजलेली लोकरी टोपी', गुण पाच. तिसऱ्याला 'शाळेची ओली पाटी', सात. दुसरा अगदीच सामान्य, चार. शेवटचा ग्लास नाकाशी नेला आणि कळलं की ही काहीतरी थोर चीज आहे. साडेनऊ दिले. बाईंनी कागद वाचला: ती नंबर सहा. अठरा वर्षं काही लपत नाहीत.

पानाचा फोटो कमिटीच्या ग्रुपवर टाकला. हिलाही पाठवला. कौतुकासाठी नाही, माहितीसाठी.

४.३०

हिचा मेसेज, एकच ओळ. पाटी तीनमध्ये नाही, पाचमध्ये आहे. बस्स. तिचं पाठांतर पहिल्यापासून चांगलं आहे.

मंगळवार, १८ मार्च

जिन्यात टायपिस्ट बाई भेटल्या. सहज म्हणाल्या, त्या दिवशी माझ्या बोटांना ती झाकणं फिरेनात, सांधे धरलेत, आणि सहाव्या बाटलीचं सील तर हलेचना. तुम्ही आत वाट बघत होतात, म्हणून जी एक बाटली सैल होती तिच्यातलंच सहाही ग्लासांत घातलं. तुमचं काही अडलं नाही ना?

मी म्हटलं, छे, काहीच नाही.

घरी येऊन बघितलं. नंबर सहाचं सील जसंच्या तसं. मी बाटलीला साडेनऊ गुण दिलेत, तिची थोरवी पाऊण पान लिहिली आहे, आणि ती अजून उघडलेलीच नाही. नंबर दोनची पातळी मात्र बरीच उतरलेली, म्हणजे सगळं तिच्यातूनच आलेलं. एकाच बाटलीला मी चारपासून साडेनऊपर्यंत गुण दिले.

लॅबमध्ये मी नवीन माणसाची हीच परीक्षा घ्यायचो. एकाच डब्यातला रंग दिलेली दोन पॅनेल, म्हणजे नमुन्याचे पत्रे, समोर ठेवायची आणि विचारायचं, फरक सांग. जो फरक सांगेल त्याची बदली पॅकिंगला.

विचार केला. रंगाच्या डब्यात खालचा थर आणि वरचा थर वेगळा असतो. बाटलीतही तसंच असणार. वर हलका भाग, तळाशी जड. म्हणजे माझे सहाही शेरे बरोबर असू शकतात. उद्यापासून बाटली चांगली ढवळून घ्यायची.

ग्रुपवरचा फोटो काढून टाकायला गेलो, पण सेकंड कोटने त्याच्याखाली वा म्हणून लिहिलं होतं. राहू दिला.

गुरुवार, २० मार्च. सकाळी ९.३०

लेकीचा फोन. बाबा, तुम्ही सकाळी दहा वाजता पिता असं कळलं. कुणाकडून ते सांगेना. वरून खाली येणाऱ्या विणकामाच्या सुया मला माहीत आहेत. मी उत्तरेच्या उजेडाचं सगळं समजावलं. तिने ते ऐकून घेतलं. मग दूध कसं जळलं ते विचारलं. मग म्हणाली, शनिवारी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली आहे, जा.

मी विषय बदलला. पडद्यांचं कुठपर्यंत आलं विचारलं. ती म्हणाली, बाबा, पडदे लागून पंधरा दिवस झाले.

आज काम केलं नाही. उजेड बरोबर नव्हता.

शनिवार, २२ मार्च. दुपार

डॉक्टर तरुण आहे. मला डोळे मिटायला सांगून एकेक बाटली नाकाखाली धरत होता. पहिल्या बाटलीला मी कॉफी म्हणालो. दुसरीलाही कॉफी म्हणालो, कारण पहिलीच्या वेळी त्याने 'हं' केलं होतं ते मला होकारासारखं वाटलं. नंतरच्या तीन बाटल्यांना मी विचार करतो म्हणालो.

त्यात लिंबू होतं, साबण होता, रॉकेलही होतं.

म्हणाला, हे आजकालचं नाही. निदान पाच-सहा वर्षांपूर्वीचं. वय, आणि त्यात इतकी वर्षं थिनर-टर्पेंटाइनमध्ये काढलेली. परत येईल असं वाटत नाही. चवीचाही बराचसा भाग नाकच करतं, त्यामुळे तुम्हाला गरम, गोड, खारट एवढंच कळत असणार. मग त्याने लिहिता-लिहिता विचारलं, घरी कुणाच्या लक्षात आलं नाही का?

नाही, म्हणालो.

दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला हवं. हा फार घाईत होता.

रविवार, २३ मार्च. ११.००

ग्लास न काढता नुसतं रजिस्टर घेऊन बसलो. पाच वर्षांची पानं. रंगाचे रकाने माझेच आहेत, शंका नाही, तसे शब्द दुसऱ्या कुणाला येणार नाहीत. वासाचे रकाने वाचत गेलो आणि मी ते कधी बोललो होतो हे आठवायला लागलो.

'सायकलच्या दुकानातलं नवं रबर.' सायकलचं दुकान हिच्या वडिलांचं होतं. माझे वडील पोस्टात होते, आमच्याकडे सायकल नव्हतीच.

'वसतिगृहातल्या लोखंडी कपाटाचा आतला कप्पा.' मी वसतिगृहात कधी राहिलो नाही. ही राहिली, दोन वर्षं.

'बाळंतपणानंतर पहिल्यांदा न्हायले त्या दिवशीचा साबण.'

इथे रजिस्टर मिटलं.

मंगळवार, २५ मार्च. दुपारी ३.००

मीच फोन केला. डॉक्टरचं सांगितलं. तिला आश्चर्य वाटेल अशी तयारी करून बसलो होतो. वाटलं नाही.

तिने सगळं सांगितलं, आवाज न चढवता. पाच वर्षांपूर्वी ती बाजारातून आली तेव्हा गॅसचं बटण उघडं होतं, घरभर गॅस, आणि मी त्याच खोलीत खुर्चीत बसून शांतपणे पेपर वाचत होतो. तिने खिडक्या उघडल्या. मी विचारलं, खिडक्या का उघडतेस, तर ती म्हणाली, उकडतंय. तेव्हापासून तिला माहीत आहे. मला का सांगितलं नाही असं विचारलं. तर म्हणाली, त्याच महिन्यात तुम्ही रिटायर झाला होतात. एका महिन्यात किती सांगायचं माणसाला.

मग तुम्ही हे रजिस्टर काढलंत, म्हणाली. दर वेळी वासाशी येऊन अडायचात. माझं पेन थांबायचं. मी हळूच काहीतरी म्हणायचे, ते तुम्ही मोठ्याने म्हणायचात, आणि मी लिहायचे. मला मजा यायची त्यात. त्या दिवशी वार्निश भाऊजींनी विचारलं, तुम्ही मिनिटभर ग्लास धरून बसलात, तिघं तुमच्या तोंडाकडे बघायला लागले. तुमचं हसं होऊ नये म्हणून मी बोलले. आणि तुम्ही काय म्हणालात?

मला माहीत होतं मी काय म्हणालो ते. नऊ तारखेला इथेच लिहून ठेवलंय.

चुकलो, असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, रविवारी कमिटी आहे. कसं निघालं कळत नाही. ती म्हणाली, बरं. गॅस बंद आहे का विचारलं आणि फोन ठेवला.

गुरुवार, २७ मार्च. १०.१५

हिची करडी शाल कपाटात आहे. नेली नाही, म्हणजे लवकरच परत येणार असं मी धरून चाललो होतो.

शाल घेऊन उत्तरेच्या खिडकीशी बसलो. हुंगली. पाच मिनिटं थांबलो, पाणी प्यायलो, पुन्हा हुंगली. पद्धतशीर दहा वेळा केलं. काहीच आलं नाही. लोकर नाकाला टोचली तेवढंच.

करड्या रंगाला निळसर झाक आहे. कोपरापाशी विटली आहे. ते सगळं दिसतं.

मला तिची फार आठवण येते. हे रजिस्टरमध्ये लिहायला रकाना नाही, म्हणून इथे.

रविवार, ३० मार्च. दुपारी १.००

कमिटी अकराला आली. बैठक रद्द करावी, असं काल ठरवलं होतं. परवा ठरवलं होतं की रंगीत चिठ्ठ्या लावून वेळ मारून न्यावी. पण जे चारचौघांत बोललो ते चारचौघांतच निस्तरायला हवं, असं आज दाढी करताना वाटलं.

तिघं बसल्या-बसल्या सांगून टाकलं. मला वास येत नाही. गेली पाच वर्षं रजिस्टरमधले वास हिचे आहेत. त्या दिवशी मी तिला जे बोललो ते चूक होतं, आणि तिला त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मोठा धक्का बसेल असं वाटलं होतं. वार्निश म्हणाला, आम्हाला माहीत होतं. तुम्ही रिटायर व्हायच्या वर्षी लॅबमध्ये थिनरचं पिंप फुटलं होतं, सगळे रुमाल लावून बाहेर पळाले आणि तुम्ही एकटे आत पॅनेल जुळवत बसला होतात. मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललात? म्हणाला, तुमचा डोळा शाबूत होता, आणि शेड डोळ्यानेच जुळते.

मग प्रायमरने खरं ते सांगितलं. आम्ही वहिनी काय म्हणतात ते ऐकायला यायचो. त्यांनी एकदा लोखंडी कपाटाचं सांगितलं तेव्हा मला माझ्या पहिल्या नोकरीची खोली आठवली होती. थोड्या वेळाने सेकंड कोटही म्हणाला, की तो वहिनींचं ऐकायलाच यायचा.

वीस मिनिटांत उठले. ग्लास अर्धे तसेच राहिले. दाराशी वार्निशने विचारलं, वहिनी कधी येणार? मी म्हटलं, विचारलेलं नाही.

दुपारी ३.३०

हिला मेसेज केला. तिघांसमोर सांगितलं, चुकलो तेही सांगितलं. उत्तर आलं: बरं. मग पाच मिनिटांनी दुसरं: रजिस्टरचं काय करणार?

मी लिहिलं, तुझ्याशिवाय होणार नाही. हे लिहायला दहा मिनिटं लागली.

तिने लिहिलं, थोडी-थोडी इकडे पाठवा, मी वास सांगते.

मंगळवार, १ एप्रिल. सकाळी ११.००

पुन्हा उत्साह. हे आधी कसं सुचलं नाही? कारखान्यातही आम्ही नमुने दुसऱ्या लॅबला पाठवायचोच. लॅब दोन गावी आहेत एवढंच.

माळ्यावरून नमुन्याच्या छोट्या काचेच्या बाटल्या काढल्या. रिटायर होताना एक खोकं घरी आणलं होतं. कोमट पाण्याने दोनदा धुतल्या, उलट्या ठेवून वाळवल्या, एकेक हुंगून पाहिली. ओके. प्रत्येकीत तीस मिली भरून घट्ट बुचं लावली आणि लेबलं चिकटवली, सुवाच्य अक्षरात. एक ते पाच. सहावी उघडली नाही. ती दोघांनी उघडायची आहे.

जावई ऑफिसच्या कामाने इकडे आला होता, त्याच्याकडे खोकं दिलं. त्याला विचारलं, आई कशा आहेत? तो म्हणाला, बऱ्या आहेत, आणि छताकडे बघायला लागला. चहा घेऊन लगेच गेला.

नमुन्यांचं काम दोन दिवसांचं. मग उरलेल्या सहावीसाठी तिला यावंच लागेल. आखणी चांगली जमली आहे.

शनिवार, ५ एप्रिल. सकाळी १०.२०

हिचा मेसेज. पाचही बाटल्यांना थिनरचा वास आहे. पहिलं बूच काढल्याबरोबर लेकीने सगळ्या खिडक्या उघडल्या. जावई विचारतोय, रंगारी आलेत का. तुम्ही त्या बाटल्यांतून प्यायला तर नाहीत ना?

मंगळवारची नोंद समोर आहे. माझ्याच अक्षरात, 'हुंगून पाहिली. ओके.' डॉक्टर झाला, कमिटी झाली, सगळ्यांसमोर सांगून झालं, आणि तरी मी एकेक बाटली नाकाशी नेली.

रजिस्टर काढलं. एक ते पाच, वास या रकान्यात लिहिलं: थिनर. हुंगणारी: ही. लिहिणारा: मी. पाच वर्षांत या रकान्यातली माझ्या हातची पहिली खरी नोंद.

१०.४०

तिला कळवलं, प्यायलो नाही, काळजी करू नकोस. मग त्याखाली लिहिलं, कधी येतेस? पाच आठवडे झाले, एकदाही विचारलं नव्हतं. विचारायला तीन शब्दही लागत नाहीत.

१०.५५

मेसेजखाली दोन खुणा आल्या. करड्या.

११.०५

निळ्या झाल्या. आमच्या शेडकार्डावरचा चौऱ्याहत्तर नंबर, आकाशी आणि मोरपंखी यांच्या मधला. म्हणजे वाचलं तिने.

उत्तराला उशीर होतोय कारण बॅग भरत असेल, असं इथे लिहिलं होतं. खोडलं.

११.४०

उत्तर नाही. गॅस बंद आहे. हात लावून बघितला.